एलिझाबेथची हरवलेली वही

मैत्रिणींनो, हार्पसिकॉर्ड हे वाद्य आपल्यापैकी फार जणींनी पाहिलेलं नसेल. दिसायला पियानोसारखं, पण पट्टी दाबली की आत पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची बारीक नखी तार छेडते. सतारीची नखीच म्हणा ना! पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. म्हणून सगळी गंमत बोटांच्या नजाकतीत.

या वाद्यावर हुकमत असलेली एक बाई साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये होऊन गेली. एलिझाबेथ झाके द ला गेर. जन्म १६६५ चा. घराणं वाद्यं बनवणाऱ्यांचं, वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. आपल्या लेकी ज्या वयात बालवाडीत जातात, त्या सुमारास ही पोर चौदाव्या लुईसमोर बसून वाजवत होती. राजा खूश झाला, दरबारात तिच्या शिक्षणाची सोय झाली. दैव चांगलं म्हणायचं. पण कौतुक झालेल्या किती मुली पुढे त्याच कलेत टिकतात, हे आपण घरोघरी पाहतोच.

ही टिकली. १६८४ मध्ये मारँ द ला गेर या ऑर्गनवादकाशी लग्न झालं आणि तीनच वर्षांनी, १६८७ मध्ये, तिच्या हार्पसिकॉर्डच्या रचनांचं पुस्तक छापून आलं. त्या काळात फ्रान्समध्ये पुरुषांचीही अशी पुस्तकं मोजकीच निघत. १६९४ मध्ये तर तिचा ऑपेरा पॅरिसच्या राजमान्य रंगभूमीवर आला. तिथे बाईने रचलेला ऑपेरा होण्याची ती पहिलीच वेळ. चालला मात्र नाही, थोडेच प्रयोग होऊन बंद पडला.

त्याहून मोठे घाव घरात बसले. एकुलता एक मुलगा, आईसारखाच हुशार, आठव्या वर्षी हार्पसिकॉर्डवर साथ करणारा. दहाव्या वर्षी गेला. १७०४ मध्ये नवराही गेला. आमच्या भजनी मंडळात मी पाहिलंय, असं काही झालं की बाईचा आवाज आधी बंद होतो. पेटी कपाटात जाते आणि घरचेही ती बाहेर काढ म्हणत नाहीत. एलिझाबेथने काय केलं? राहत्या घरीच मैफली सुरू केल्या. पॅरिसचे जाणकार तिच्याकडे ऐकायला येऊ लागले. १७०७ मध्ये, पहिल्या पुस्तकानंतर तब्बल वीस वर्षांनी, हार्पसिकॉर्डचं दुसरं पुस्तक काढलं, त्याच वर्षी व्हायोलिनचे सोनाटाही. पुढे बायबलमधल्या कथांवर गाणी रचली, त्यात एस्तेर, सुझाना, ज्युडिथ अशा बायका आहेत. ही निवड मला तरी उगाच केलेली वाटत नाही.

१७२९ मध्ये ती गेली. त्यानंतर तीनच वर्षांनी निघालेल्या फ्रेंच कवी-संगीतकारांच्या एका मोठ्या ग्रंथात तिला मानाची जागा मिळाली. मग हळूहळू विसर पडला. १६८७ चं पुस्तक तर हरवलंच, असं सगळे धरून चालले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची प्रत मिळाली ती थेट इटलीत, व्हेनिसच्या एका ग्रंथालयात! ते पुन्हा छापलं गेलं आणि जगभरचे वादक ते वाजवू लागले.

आज तिच्या ध्वनिमुद्रिका सहज मिळतात. ऐकायचं असेल तर त्या पहिल्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या प्रस्तावना ऐका. त्यांत बऱ्याच स्वरांना ठरावीक मात्राच दिलेली नाही. कुठे थांबायचं, कुठे पुढे जायचं हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. आलाप ऐकायची सवय असलेल्या कानांना ते परकं वाटणार नाही. मग नाचाचे तुकडे येतात, कधी ठुमकत, कधी अगदी उदास. भांडी घासतानाही ऐकता येतात, मी ऐकते.

१७२१ मध्ये छोटा राजा पंधरावा लुई दुखण्यातून उठला, तेव्हा तिने आभाराचं एक मोठं स्तोत्र रचलं होतं. ते मात्र अजून कुठेच सापडलेलं नाही.