विमान, ट्रक आणि मोटार : सोलापूरच्या वालचंदशेठनी तिन्हींचे कारखाने भारतात उभे केले

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की अजूनही प्रीमियर पद्मिनीच डोळ्यासमोर येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, तेव्हा मुंबईकर हळहळले. दुसरीकडे तेजस विमान बनवणाऱ्या बंगळुरूच्या एचएएलचं नाव सतत बातम्यांत असतं.

टॅक्सी बनवणारी प्रीमियर आणि लढाऊ विमान बनवणारी एचएएल, या दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी.

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातल्या एका गुजराती जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात वालचंदांचं मन रमेना. त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. पुढे बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपर्यंत त्यांचं काम पोहोचलं. १९१९ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली आणि ब्रिटिशांची मक्तेदारी असलेल्या समुद्रात भारतीय जहाज उतरवलं.

रेल्वे झाली, जहाज झालं. आता नजर होती मोटारीवर.

तेव्हा भारतात गाड्या तयार होत नव्हत्या का? होत होत्या, पण फक्त जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्येच मुंबईत काम सुरू केलं होतं. परदेशातून सुटे भाग यायचे आणि इथले कामगार ते बसवायचे. इंजिन, गिअर बॉक्स, अॅक्सल यातलं काहीच इथं घडत नव्हतं. बाहेरून माल बंद झाला की कारखाना बंद.

सर विश्वेश्वरय्या यांनी तिशीच्या दशकात भारतीय मोटार कारखान्याची योजना आखली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी झाली, पण भारतातले हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते आणि तिनं नकार दिला. मग क्रायस्लर तयार झाली. म्हैसूर संस्थाननंही रस दाखवला.

आता अडचण उरली दिल्लीची. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. सैन्याला ट्रक हवेच होते, तरीही मोटार कारखाना हा युद्धासाठी आवश्यक उद्योग नाही, असं इंग्रज सरकारनं ठरवलं. यंत्रं आणायला डॉलर मिळेनात. ट्रक परदेशातूनच येत राहिले.

पण त्याच अमेरिका दौऱ्यातून दुसरं दार उघडलं. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये जमतं तर भारतात का नाही, हा विचार वालचंदांच्या डोक्यात पक्का बसला.

मोटारीला नाही म्हणणाऱ्या सरकारला विमानं मात्र हवी होती. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि भांडवल देऊ केलं. बंगळुरू समुद्रापासून लांब होतं. संस्थानात वीज होती, भद्रावतीचं पोलाद होतं आणि शहरात विज्ञान संस्था होती. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथं तयार झालेलं हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान आकाशात गेलंसुद्धा.

त्याच जूनमध्ये विशाखापट्टणमला वालचंदांच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली होती.

मग चित्र पालटलं. जपान युद्धात उतरला. १९४२ च्या सुरुवातीला सिंगापूर आणि रंगून पडलं. विमानांचा कारखाना खासगी हातात ठेवायला सरकार तयार नव्हतं. एप्रिल १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. सव्वा वर्षात कारखाना त्यांच्या हातून गेला.

पैसे मिळाले, पण खरं नुकसान वेगळंच होतं. पुढच्या काळात नवी विमानं बनवणं मागे पडलं आणि हा कारखाना प्रामुख्यानं मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीचा तळ बनला. बनवण्याचं शिक्षण अर्धवट राहिलं. तरी एक गोष्ट टिकली. दुरुस्ती करता करता हजारो भारतीय हात विमान उघडून बसवायला शिकले.

वालचंद पुन्हा मोटारीकडे वळले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू झाली आणि १९४७ मध्ये मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्यानं गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यात डॉजचे ट्रकही होते. सुरुवातीला बरेचसे भाग बाहेरूनच यायचे, पण हळूहळू ते इथं घडवण्याचं काम सुरू झालं.

१९४८ मध्ये विशाखापट्टणमला जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं. पुढच्याच वर्षी वालचंदांना अर्धांगवायूचा झटका आला आणि १९५० मध्ये ते कारभारातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथं त्यांचं निधन झालं.

त्याआधी, १९५१ साली, बंगळुरूच्या त्याच कारखान्यातून एचटी-२ हे भारतीय आराखड्याचं विमान उडालं होतं. त्याचा आराखडा करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. कारखाना उभा करणारा सोलापूरचा, विमान आखणारा कोल्हापूरचा.

जहाजबांधणीचा कारखानाही पुढं सरकारकडे गेला. प्रीमियरच्या गाड्या बंद झाल्या. तरी बंगळुरूत विमानं आणि विशाखापट्टणमला जहाजं आजही बनतात. सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून दरवर्षी इंजिनिअर बाहेर पडतात. मालकी गेली, पण कारखाने राहिले आणि काम शिकलेली माणसंही राहिली.