ह्यूमसाहेबांची पाखरे

इतिहासाच्या पुस्तकात अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला एकाच ओळीत भेटते : राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक. परीक्षेत एका गुणासाठी ते लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. परंतु १८८५ साली राष्ट्रीय सभा स्थापन झाली तेव्हा ह्यूमसाहेब ५६ वर्षांचे होते आणि एक मोठे आयुष्य त्यांचे आधीच जगून झाले होते. ते आयुष्य पाखरांचे होते.

त्यांचा जन्म ४ जून १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटातील सुधारणावादी सभासद. त्यामुळे सत्तेला चार खरे शब्द सुनावण्याची सवय मुलाला घरातूनच लागली असावी. १८४९ मध्ये कंपनी सरकारच्या नोकरीत ते हिंदुस्थानात आले आणि पुढे इटावा जिल्ह्याचे कलेक्टर झाले. तेथे त्यांनी लोकांच्या मदतीने दीडशेहून अधिक शाळा काढल्या. पाखरांचे नमुने जमवण्याचा नादही त्यांना येथेच लागला. १८५७ च्या उठावात त्यांना सहा महिने आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला आणि त्या धामधुमीत त्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. दुसरा कोणी असता तर तो नाद तेथेच संपला असता. ह्यूमसाहेबांनी मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

१८६७ मध्ये ते जकात खात्याचे आयुक्त झाले. मिठावरचा कर चुकू नये म्हणून सरकारने सिंधूपासून महानदीपर्यंत नाकी बसवली होती आणि त्या सीमेवर बऱ्याच ठिकाणी काटेरी झाडांचे कुंपण वाढवले होते. हे कुंपण दाट करण्यात ह्यूमसाहेबांचाही हात होता. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ महाग करणारी ती व्यवस्था होती, हे त्यांचे चरित्र सांगताना झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र या नोकरीमुळे त्यांची दूरवर भटकंती झाली, आणि जेथे जात तेथील पक्षी, घरटी, अंडी यांची ते टिपणे करीत.

एवढा मोठा देश एकट्या माणसाला पाहून होणार नाही, हे त्यांना लवकरच उमगले. म्हणून १८७२ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या संपादकत्वाखाली 'स्ट्रे फेदर्स' म्हणजे 'विखुरलेली पिसे' या नावाचे नियतकालिक सुरू केले. लष्करातले अधिकारी, डॉक्टर, रेल्वेचे इंजिनियर, जंगलखात्यातली माणसे आपापल्या मुलखातून पत्रे लिहू लागली. कोणता पक्षी कोणत्या तारखेला दिसला, कोठे दिसला, घरट्यात अंडी किती होती, थंडीतले पाहुणे केव्हा परतले, अशा नोंदी येत. नमुना कसा जतन करावा आणि नोंद कशी ठेवावी यासाठी ह्यूमसाहेबांनी १८७४ मध्ये एक छोटी मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. त्या काळी पुरावा म्हणजे बंदुकीने पाडलेला पक्षी. आज ही गोष्ट मनाला खुपते. पुढे थिऑसॉफीच्या प्रभावाने ते शाकाहारी झाले आणि पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले.

या पत्रव्यवहारातला एक धागा आपल्या भागाशी जुळतो. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि रायपूर, फुलझर हा भाग याच प्रांतात मोडत असे. तिकडून ब्लूइट नावाच्या गृहस्थाने १८७२ मध्ये एक लहानसे घुबड मिळवले. ह्यूमसाहेबांनी पाहिले, तर हे घुबड शास्त्राला अपरिचित होते. १८७३ मध्ये 'स्ट्रे फेदर्स'मध्ये त्यांनी त्याचे वर्णन छापले आणि त्याला स्वतःचे नव्हे, ब्लूइटचे नाव दिले. हाच आपला रानपिंगळा. साहेबांना जंगलाची वाट दाखवणारी, पक्ष्याचा ठावठिकाणा सांगणारी गावची माणसेही नक्कीच असणार. त्यांची नावे मात्र कागदावर फारशी आली नाहीत.

सरकारदरबारी स्पष्ट बोलणे नेहमीच महाग पडते. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७९ मध्ये, ह्यूमसाहेबांना सचिवपदावरून दूर करण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. सिमल्याच्या आपल्या बंगल्यात त्यांनी पक्ष्यांचे मोठे संग्रहालय उभारले होते. जवळजवळ पंचवीस वर्षांच्या टिपणांवरून हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांचा एक महाग्रंथ लिहायचा त्यांचा बेत होता. परंतु निवृत्तीनंतर थोड्याच काळात, ते घरी नसताना, त्या हस्तलिखितांचा मोठा भाग एका नोकराने रद्दी म्हणून विकून टाकला. ते कागद परत मिळाले नाहीत आणि महाग्रंथ कधी झालाच नाही. १८८५ मध्ये त्यांनी साठ हजारांहून अधिक पक्ष्यांचे नमुने आणि हजारो अंडी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली आणि पाखरांचा निरोप घेतला.

त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. पाखरांसाठी वापरलेलीच रीत ह्यूमसाहेबांनी येथे वापरली, असे मला वाटते. गावोगावच्या जाणत्या माणसांना पत्रे लिहायची, त्यांची एकमेकांशी गाठ घालायची आणि विखुरलेले बळ एका जागी आणायचे. १८९१ मध्ये राष्ट्रीय सभेचे सातवे अधिवेशन आपल्या नागपुरात आनंद चार्लू यांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा ह्यूमसाहेबच सभेचे सरचिटणीस होते. १८९४ मध्ये ते कायमचे मायदेशी गेले. म्हातारपणी वनस्पतींच्या अभ्यासात रमले आणि १९१० मध्ये लंडनमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्राची एक संस्था काढली. ३१ जुलै १९१२ रोजी ते निधन पावले.

रानपिंगळ्याची गोष्ट मात्र त्यांच्यानंतरही चालू राहिली. १८८४ नंतर त्याचा एकही खरा नमुना कोणाला मिळाला नाही. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ सालचा म्हणून दाखवलेला नमुना पुढे बनावट निघाला. तो दुसऱ्याच्या संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता. अखेर पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने नमुने व त्यांवरच्या चिठ्ठ्या बारकाईने तपासल्या, खऱ्याखोट्याची निवड केली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षे हरवलेला पक्षी सापडला. त्यानंतर आपल्या विदर्भात, मेळघाटातही तो आढळला.

या चरित्रातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ह्यूमसाहेबांनी ग्रंथासाठी घरात जपून ठेवलेले कागद रद्दीत गेले. त्यांनी छापून चार लोकांना वाटलेले मात्र टिकले, आणि शंभराहून अधिक वर्षांनी जंगलातल्या एका पाखराचा माग काढायला उपयोगी पडले. नोंद खरी हवी आणि ती वाटलेली हवी, एवढेच त्यातून शिकायचे.

फाल्गुन लागला की अंबाझरी आणि गोरेवाड्याच्या काठी आजही दुर्बिणी घेतलेली मंडळी दिसतात. कोणते पाहुणे गेले, कोणते अजून आहेत, याची तारखेनिशी नोंद करून ती ते एकमेकांना कळवतात. हिवाळ्यात विदर्भातल्या झाडांवर चिमणीहूनही लहान, हिरवट रंगाचा एक वटवट्या येतो आणि उन्हे तापली की हिमालयाकडे परततो. ब्रूक्स नावाच्या रेल्वे इंजिनियरने, म्हणजे ह्यूमसाहेबांच्याच एका पत्रमित्राने, १८७८ मध्ये त्याला ह्यूमचे नाव दिले. आपल्या आजीला, मामाला गावाकडची किती पाखरे नावानिशी ओळखता येतात! ती नावे, ते महिने, ती झाडे आपण वहीत उतरवून घेतली आणि चारजणांना दिली, तर या वेळी तरी सांगणाऱ्याचे नाव नोंदीतून गळणार नाही.