शेतकरी कवयित्री बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई मोठ्या कवयित्री होत्या. पण त्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्या शेतकरीण होत्या. आपल्या आया आणि आज्या जी कामे करतात तीच कामे त्यांनी जन्मभर केली. आणि ती करता करताच त्यांनी गाणी रचली. म्हणून मला त्या फार आवडतात.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली नागपंचमीच्या दिवशी झाला. जळगाव शहराजवळ असोदे नावाचे गाव आहे. ते त्यांचे माहेर. नागपंचमीला कोणी नांगर धरत नाही, जमीन उकरत नाही. त्या दिवशी बैलांना सुट्टी असते. आणि नेमकी त्याच दिवशी ही जन्मभर मातीत राबणारी मुलगी जन्माला आली. त्यांच्या वडिलांचे नाव उखाजी महाजन आणि आईचे नाव भिमाई. त्यांना घमा, गना आणि घना असे तीन भाऊ होते. अहिल्या, सीता आणि तुळसा अशा तीन बहिणी होत्या. म्हणजे घरात सात भावंडे. घर शेतकऱ्याचे होते.

त्या काळी खेड्यात मुलींना शाळेत घालत नसत. मुलीने शेण काढायचे, पाणी भरायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायचे. बहिणाबाईंनी पाटी-पेन्सिल कधी धरली नाही. पण त्यांचे कान फार चांगले होते. देवळातले भजन-कीर्तन, बायांची जात्यावरची गाणी, सणावारांची गाणी त्या ऐकत. एकदा ऐकले की त्यांच्या ध्यानात राही.

तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. तेरा वर्षांच्या मुली हल्ली सातवी-आठवीत असतात. त्यांच्या पतीचे नाव नथूजी खंडेराव चौधरी. ते जळगावचे. घर मोठे होते आणि घरात माणसेही पुष्कळ होती. त्यांना काशी नावाची मुलगी आणि ओंकार व सोपान असे दोन मुलगे झाले.

आता शेतकऱ्याच्या घरातल्या बाईचा दिवस कसा असे ते सांगतो. कोंबडा आरवायच्या आधी उठायचे. पहिले काम दळण. तेव्हा गिरणी नव्हती. घरोघर जाते होते. जळगावकडे जात्याला घरोट म्हणतात. खालचा दगड जागेवर बसलेला असतो आणि वरचा दगड खुंट्याला धरून गरगर फिरवायचा. एका हाताने मधल्या तोंडात दाण्यांचा घास टाकायचा. आमच्या घरी जुने जाते आहे, त्यावर डाळ भरडतात. मी एकदा ते फिरवून पाहिले. वीस फेरे झाले आणि दंड भरून आले. मग सगळ्या घराला पुरेल एवढे पीठ दळायचे म्हणजे किती वेळ लागत असेल! तेवढा वेळ हात दुखू नयेत, झोप येऊ नये म्हणून बाया गाणी म्हणत. बहिणाबाई दुसऱ्यांची गाणी म्हणत आणि स्वतःचीही रचत.

दळण झाले की गोठा. शेण काढायचे, झाडलोट करायची, धारा काढायच्या. मग चूल पेटवायची. भाकऱ्या थापायच्या. बहिणाबाईंनी या भाकरीवरून संसाराचे गाणे केले. तव्याजवळ हात नेला की आधी पोळतो, मग भाकरी पदरात पडते. संसाराचेही तसेच आहे, आधी सोसावे लागते, असा त्याचा अर्थ आहे. हे गाणे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पण ते कुठे सुचले? चुलीपुढे सुचले! मला तर हे कळल्यावर लई नवल वाटले.

न्याहारी झाली की शेतात जायचे. जळगावची जमीन काळी. तिकडे कापूस, ज्वारी, बाजरी ही पिके घेत. मृगाचा पाऊस पडला की पेरणी सुरू होई. पेरणीच्या अवजाराला वर लाकडी चाडे असते. त्यात मुठीने बी सोडायचे. ते नळ्यांतून खाली जाते आणि मातीत पडते. बी फार पडले तर दाट उगवते, कमी पडले तर विरळ होते. म्हणून चाड्यावर मूठ धरणारे माणूस हुशार लागते. मग निंदणी. ओणवे होऊन, नाहीतर बसून पुढे सरकत तण काढायचे. मग कपाशीची बोंडे फुटली की वेचणी. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटे सोलतात. ही निंदणी-वेचणीची कामे बायांचीच असत आणि अजूनही बहुतेक बायाच करतात.

ज्वारी तयार झाली की कापणी. मग खळे. खळ्याची जमीन चोपून शेणाने सारवायची. मधोमध एक खांब रोवायचा. त्याला तिवडा म्हणतात. कणसे पसरायची आणि तिवड्याभोवती बैल फिरवायचे. बैलांच्या पायांखाली दाणे मोकळे होतात. बैलांनी कणसे खाऊ नयेत म्हणून त्यांच्या तोंडाला मुसकी बांधतात. मग उपणणी. उंच तिवईवर उभे राहून दाणे आणि भूस वाऱ्यावर सोडायचे. भूस हलके असते, ते लांब उडते. दाणे जड असतात, ते सरळ खाली पडून रास होते. पण वाराच नसला तर? मग सगळे वाऱ्याची वाट बघत बसतात. बहिणाबाईंनी पेरणीपासून उपणणीपर्यंत एकेका कामावर गाणे केले आहे. उपणणीच्या गाण्यात त्या वाऱ्याला घरच्या माणसासारखी हाक मारतात. आता मळणी यंत्र आले आहे. एका दिवसात काम होते. पण खळे कसे असते हे त्यांच्या गाण्यांतून आम्हां मुलांना कळते.

त्या वेळी विजेची मोटार नव्हती. विहिरीचे पाणी मोटेने काढत. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. ती नाड्याला बांधून विहिरीत सोडायची. बैल उतरत्या धावेवरून पुढे गेले की मोट वर येते आणि पाणी थारोळ्यात पडते. तिथून पाटाने पिकाला जाते. मग बैल मागे मागे चालत परत येतात आणि मोट पुन्हा खाली जाते. असे दिवसभर. बहिणाबाईंनी मोटेवरही गाणे केले आहे.

बहिणाबाईंचे जनावरांवर फार प्रेम होते. त्यांनी बैलगाडीवर गाणे केले. पोळ्यावर गाणे केले. त्यांच्या बोलीत ळ च्या जागी य म्हणतात, म्हणून पोळ्याला त्या पोया म्हणतात. बैल नांगर ओढतो, वखर ओढतो, गाडी ओढतो. त्याच्या कष्टाची मोजदाद कोणी करत नाही. तो आहे म्हणून घरात धान्य येते. म्हणून शेतकऱ्यावर बैलाचे ऋण आहे असे त्यांना वाटे.

माणसाच्या मनावर त्यांचे एक गाणे प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी मनाला पिकात शिरलेल्या गुराची उपमा दिली आहे. ज्यांनी गुरे राखली आहेत त्यांना ही उपमा लगेच समजते. आमची तांबडी गाय सुट्टीत माझ्याकडे असते. एकदा ती ज्वारीत शिरली. मी हाकलली की दोन पावले बाहेर येई आणि माझी पाठ वळली की परत आत. अभ्यासाला बसल्यावर आपले मनसुद्धा असेच करते की नाही?

सुगरण पक्ष्याच्या खोप्यावर त्यांचे गाणे आहे. झाडाला टांगलेला खोपा त्यांनी पाहिला. एवढासा पक्षी नुसत्या चोचीने एवढे सुंदर घर विणतो, मग माणसाला तर दोन हात आहेत, असा विचार त्यांनी त्यात सांगितला. आमच्या गुरुजींनी आम्हांला विहिरीवर नेऊन खोपे दाखवले. बाभळीच्या फांद्या पाण्यावर आल्या आहेत, तिथेच खोपे होते. सापाला तिथे जाणे अवघड पडते. गुरुजी म्हणाले की खोपा नर पक्षी विणतो. मुले हसली आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या.

आता दुःखाची गोष्ट सांगतो. बहिणाबाई तीस वर्षांच्या असताना त्यांचे पती वारले. धाकटा सोपान तेव्हा अगदी लहान होता. प्लेगच्या रोगामुळे ओंकारला कायमचे अपंगत्व आले. घरात हलाखी आली. तीन मुलांना घेऊन एकट्या बाईने शेत बघायचे, गुरे बघायची आणि घरही बघायचे. त्या वेळी विधवा बाईला लोक फार कमी लेखत. पण बहिणाबाई खचल्या नाहीत. त्यांनी एका गाण्यात ज्योतिषाला दारात येऊ नको म्हणून सांगितले आहे. पुढे काय होणार ते त्याच्याकडून ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. हात राबले तर शेत पिकते हे त्यांना ठाऊक होते. मला हे गाणे सगळ्यांत धीट वाटते.

त्यांनी सोपानला शाळेत घातले. आपल्याला अक्षर येत नाही, पण मुलाला आले पाहिजे असे त्यांनी ठरवले. सोपान पुढे मोठे कवी झाले. त्यांना सोपानदेव चौधरी म्हणतात. एकदा सोपानदेवांनी शाळेच्या पुस्तकातली सावित्री आणि सत्यवान यांची गोष्ट आईला वाचून दाखवली. आईने ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच गोष्टीचे गाणे म्हटले. सोपानदेव चकित झाले. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

मित्रांनो, ही वही फार महत्त्वाची आहे. बहिणाबाई गाणी रचत आणि म्हणत. पण त्यांना ती लिहून ठेवता येत नव्हती. दळण संपले, निंदणी संपली की गाणेही हवेत जाई. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जी ऐकली आणि लिहिली तेवढीच राहिली. बाकीची गेली. ती आता कोणालाच मिळणार नाहीत.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावला वारल्या. तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या. आपण कवयित्री आहोत असे त्यांनी कधी मिरवले नाही. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे मोठे लेखक होते. ते वाचून थक्क झाले. ही गाणी लपवून ठेवण्यासारखी नाहीत, ती सगळ्या महाराष्ट्राला दिली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे पडले. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईची गाणी हे पुस्तक निघाले. तेव्हा लोकांना कळले की जळगावला शेतात राबणारी एक बाई केवढी मोठी कवयित्री होती. मात्र ते बघायला त्या नव्हत्या.

पुढे त्यांची गाणी रेडिओवर लागली आणि शाळेच्या पुस्तकांत आली. जळगावला त्यांच्या घरात त्यांचे स्मारक आहे. तिथे शेतीची अवजारे आणि घरातली भांडी जपून ठेवली आहेत. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. ज्या बाई एक दिवससुद्धा शाळेत गेल्या नाहीत, त्यांचे नाव विद्यापीठाच्या दारावर आहे. तिथे शिकलेल्या सगळ्यांच्या पदवीच्या कागदावर आता त्यांचे नाव असते.

हे चरित्र लिहिताना मी आमच्या आजीला वाचून दाखवले. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. ती म्हणाली की तिच्या आईला याहून कितीतरी जास्त येत होत्या. मी म्हणालो, मला सांग. तिला चार-पाचच आठवल्या. बाकीच्या तिच्या आईबरोबर गेल्या. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग मी गणिताची जुनी वही काढली. तिच्यात मागची पाने कोरी होती. रोज जेवण झाल्यावर आजी सांगते आणि मी लिहितो. आतापर्यंत सव्वीस ओव्या झाल्या. पेरणीच्या आहेत, बैलाच्या आहेत, आणि एक आजीने स्वतः केलेली आहे. ती कोणालाच माहीत नव्हती, माझ्या वडिलांनासुद्धा.

म्हणून वर्गातल्या सगळ्यांना माझे सांगणे आहे की आपल्या आजीला विचारा. आत्याला विचारा, शेजारच्या म्हातारीला विचारा. त्या आधी म्हणतील, आम्हांला काय येते! तरी विचारा. आपल्याला लिहिता येते, ते याच्याही कामाला येऊ द्या. आणि इथे वाचत उभ्या असलेल्या आयांनो, तुम्हांला येत असेल ते मुलांना सांगा. आमच्या भित्तिपत्रकात जागा आहे.

बहिणाबाई चौधरी यांना माझा नमस्कार.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी