माणसांचा पारखी : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मनुष्य आणि त्याच्या हातातील काम ह्यांचा मेळ कसा बसवावा, ह्याचा विचार करणारे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यास औद्योगिक मानसशास्त्र म्हणतात. कोणास कोणते काम द्यावे, नवख्यास ते कसे शिकवावे, थकवा कशाने येतो, अपघात कोणत्या वेळी अधिक होतात, मालक आणि कामगार ह्यांच्यात विश्वास कसा उत्पन्न होतो व कसा नाहीसा होतो, असे प्रश्न ह्या शास्त्राचे अभ्यासक प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन तपासतात. हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूगो म्युन्स्टरबर्ग ह्या जर्मन पंडिताने ट्राम हाकणारांची निवड कशी करावी ह्याचे प्रयोग केले आणि १९१३ साली आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या शास्त्राच्या आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. आपल्या देशात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला.

सुरतेच्या आसमंतात राहणाऱ्या आपणांस ह्या शास्त्राचा एक प्रयोग विशेष जवळचा वाटेल. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत ए. के. राइस नावाचे इंग्रज संशोधक आले. तेथे नवे स्वयंचलित माग बसविले होते, परंतु अपेक्षेप्रमाणे कापड निघत नव्हते. राइस ह्यांनी पाहिले की, कामाचे फार बारीक तुकडे पडले आहेत. एकाने केवळ धागा जोडावा, दुसऱ्याने केवळ बॉबिन भरावी, आणि एखादा माग बंद पडला तर तो आपला असे कोणासच वाटू नये, अशी स्थिती झाली आहे. विणकरांचे लहान लहान गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक माग सोपविताच उत्पादन वाढले आणि खराब माल कमी झाला. यंत्र तेच होते, माणसेही तीच होती. कोसाड आणि अमरोली भागातील ज्या विद्यार्थ्यांचे वडील पाळीपाळीने लूमवर उभे राहतात, त्यांनी हा प्रयोग घरी अवश्य सांगावा. त्यावर वडील काय म्हणतात तेही ऐकावे.

परंतु आज ज्यांचे चरित्र सांगावयाचे आहे, त्यांनी ह्या शास्त्राचे एकही पुस्तक लिहिले नाही. ते यंत्रे करणारे गृहस्थ होते. म्युन्स्टरबर्गचा ग्रंथ निघाला त्या वेळी त्यांची वसाहत तीन वर्षांची झाली होती, आणि माणूस व काम ह्यांची जुळणी तेथे रोज चालू होती.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या खेड्यात झाला. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे त्याच गावचे आणि त्याच कुळातले. कुळाचे मूळ मात्र मालवणकडचे; तेथील किरलोस गावावरून हे आडनाव आले. कानडी मुलखात वाढलेल्या ह्या घराण्याच्या नावात कोकणातील एक लहानसे गाव अजून टिकून आहे, ह्याचे आम्हां कोकणी बोलणारांस साहजिकच कौतुक वाटते. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे चित्त मात्र ग्रंथांत रमेना. त्यास चित्रे काढावीत आणि यंत्रांची मोडतोड करून पुन्हा जुळवावीत, ह्यांतच आनंद वाटे. त्या काळी अशा मुलास सरळ वाया गेलेला म्हणत असत. वडील बंधू रामचंद्रपंत, ज्यांस सर्व जण रामूअण्णा म्हणत, त्यांनी तसे म्हटले नाही. त्यांच्या पाठबळाने लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्या आयुष्यातील पहिली ठेच लागली. त्यांच्या डोळ्यांस काही रंगांमधील भेद नीट कळत नसे. चित्रकाराच्या दृष्टीने ह्याहून मोठे न्यून ते कोणते? रंगांचे शिक्षण सोडणे प्राप्त झाले. पण रेषेला रंग लागत नाही. यंत्राच्या आराखड्यात लागते ते माप, प्रमाण आणि हाताची स्थिरता, आणि हे तिन्ही त्यांच्यापाशी होते. ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागले. तेथील कार्यशाळेतील यंत्रे त्यांनी स्वतः हाताळून पाहिली आणि आपले शिक्षण आपणच पुरे केले.

एका कामास निरुपयोगी ठरलेला मनुष्य दुसऱ्या कामास उत्तम ठरू शकतो, हे लक्ष्मणरावांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते त्यांच्या स्वतःच्याच देही घडले होते. पुढे त्यांनी माणसांच्या बाबतीत जे धाडस केले, त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

दुसरी ठेच ह्याच संस्थेत बसली. बढतीची पाळी आली असता ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. त्या काळच्या सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांत हे नवल नव्हते. पुष्कळ लोक असा अपमान गिळून निवृत्तिवेतनाची वाट पाहत बसत. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. आजचे मानसशास्त्रज्ञ सांगतात की, कामावर अन्याय झाला असे वाटणारा मनुष्य एक तर मनाने काम सोडतो, नाही तर पायाने. लक्ष्मणराव पायाने बाहेर पडले, हे महाराष्ट्राचे भाग्यच म्हणावयाचे.

बेळगावात रामूअण्णांनी १८८८ पासून सायकलींचे दुकान चालविले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामूअण्णा त्या विकीत, शिवाय लोकांना चालविण्यासही शिकवीत. आता दोघे भाऊ एकत्र आले. दुकानाशेजारी लहानसा कारखाना उभा राहिला. कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि नंतर लोखंडी नांगर. नांगराची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. नांगर तयार होऊन पडले आणि दोन वर्षे कोणी विकत घेईना. लक्ष्मणराव शेतकऱ्यांस अडाणी म्हणून मोकळे झाले नाहीत. ज्याचे सारे वर्ष एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूस भिणारच, हे त्यांनी ओळखले. आणि नांगर कसा चालतो हे शेतात प्रत्यक्ष दाखवून ती भीती घालविली. विरोध करणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची ही सवय पुढे त्यांस फार उपयोगी पडली.

कारखान्यास जरा कोठे बरे दिवस येत होते, तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी ती जागा मोकळी करण्यास सांगितले. यंत्रे आणि माणसे घेऊन जावे कोठे? अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळ, बत्तीस एकर जमीन दिली आणि कर्जाऊ रक्कमही दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. साप तर पावलोपावली. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. पंचवीसएक कामगार आपल्या बायकामुलांसह तेथे राहावयास आले. पुढे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव ह्यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात निवडुंग आणि गुलाब एकत्र आणले, ते ह्याच माळाच्या स्मरणाने.

आता ह्या वाडीतील माणसे पाहा. रामूअण्णांस पूर्वी कोणत्याच उद्योगात फारसे यश लाभले नव्हते. त्यांच्याकडे वसाहतीची आखणी आणि व्यवस्था आली, आणि रस्ते, घरे, पाणी, स्वच्छता ह्यांचा कारभार त्यांनी नमुनेदार केला. शंभूराव जांभेकर ह्यांस उच्च शिक्षण घेणे जमले नव्हते. ते अनुभवाच्या बळावर निष्णात यंत्रज्ञ झाले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेला मुलगा. त्याच्यातून कल्पक अभियंता घडला. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि हिशेबाचा सारा डोलारा त्यांनी सांभाळला. के. के. कुलकर्णी ह्यांस हाती घेतलेल्या कोणत्याही कामात यश आले नव्हते. वाडीत मात्र माल विकणे, लोकांशी बोलणे, कोर्टकचेरी, अडलेल्या वाटाघाटी, हे सारे तेच पाहू लागले. ही यादी वाचली म्हणजे वाटते की, दुसऱ्या कोणा कारखानदाराने ह्यांपैकी एकासही दारात उभे केले नसते. लक्ष्मणराव प्रमाणपत्र पाहत नसत असे नव्हे. पण प्रमाणपत्र हे मनुष्य काल काय करू शकला ह्याचे असते, आणि त्यांस प्रयोजन होते उद्याचे.

सर्वांत मोठे धाडस ह्याच्याही पुढचे. माळावर राखणीस माणसे हवी होती. लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिराजी ह्यांस नेमले. दोघेही दरोड्यांबद्दल तुरुंगवास भोगून आलेले होते आणि आसपासच्या मुलखात त्यांच्या नावाची दहशत होती. हा काळ कोणता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या, आणि सुशिक्षितांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. अशा वेळी एका कारखानदाराने आपली यंत्रे, आपल्या कामगारांची घरे आणि त्यांची झोपलेली मुले ह्या दोघांच्या स्वाधीन केली. केवळ दयेने असे घडत नाही. रात्री अंधारात न भिता फिरणे, पावलाचा आवाज ओळखणे, चोराच्या मनात काय चालले आहे ते जाणणे, हे गुण त्या दोघांपाशी होतेच. त्यांस लावण्याजोगे काम आजवर कोणी दिले नव्हते, इतकेच. ते दोघे वाडीचे विश्वासू रखवालदार झाले.

पुढे १९३९ च्या सुमारास ह्याच औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतीवाचून तुरुंग निघाला, आणि त्या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. चित्रपट सर्वांनी पाहिला आहे. तुकाराम आणि पिराजी ह्यांची नावे फारच थोड्यांस ठाऊक असतात.

वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक होता. सर्व जातींची माणसे एका ठिकाणी काम करीत आणि एका वसाहतीत राहत. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात ही गोष्ट मुंबईतील गिरण्यांनाही साधली नव्हती. तेथील विणाई खात्याची दारे दलित कामगारांस बंद असत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाचे निमित्त पुढे केले जाई.

पहिल्या महायुद्धात परदेशातून लोखंड येणे थांबले. कारखाना बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निकामी होऊन पडलेल्या जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या. तोफांचे नांगर झाले. १९२० साली कंपनी मर्यादित झाली, आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची वार्ता कळविण्यासाठी निघालेल्या ह्या पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, ते मराठी घराघरांत पोहोचले, आणि १९३० साली त्याच्या शेजारी ‘स्त्री’ मासिक येऊन बसले. नांगराच्या कारखान्यातून मासिके निघावीत, ही गोष्ट जगात इतरत्र क्वचितच घडली असेल.

ह्या सर्व व्यवस्थेत उणे काहीच नव्हते काय? होते. जेथे मालकच घरमालक आणि तोच गावाचा कारभारी, तेथे नोकरी गेली की घरही जाते, आणि मालकाविरुद्ध बोलणाऱ्यास उभे राहण्यास जागा उरत नाही. लक्ष्मणरावांसारखा मनुष्य वर असेल तोवर हे जाणवत नाही. शिवाय माणूस ओळखण्याची त्यांची रीत त्यांच्या नजरेत होती, वहीत नव्हती. ती दुसऱ्याच्या हाती देता येण्यासारखी नव्हती. शास्त्राचे काम येथे सुरू होते. एकाच्या नजरेस जे दिसते, ते कसोट्या आणि नोंदी ह्यांच्या साहाय्याने दहांस दिसावे, आणि नजर चुकली तर तीही पकडली जावी, ह्यासाठीच औद्योगिक मानसशास्त्राचा खटाटोप आहे. आपल्यातील कोणा विद्यार्थ्यास बारावीनंतर मानसशास्त्र घ्यावेसे वाटले आणि घरच्यांनी ह्याचा कारखान्याशी संबंध काय असे विचारले, तर उत्तर देण्यास ही वाडी पुरेशी आहे.

माणसांवर टाकलेल्या ह्या विश्वासाची कठोर परीक्षा अखेर व्हावयाचीच होती. १९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि उद्योगांवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीसही जमावाने आग लावली आणि कारखान्याची भयंकर हानी झाली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. अडतीस वर्षे ज्या मुलखात त्यांनी माणसे जोडली, त्याच मुलखात हे घडले. एवढ्यावर वाडी उठवून निघून जाणे कोणासही क्षम्य वाटले असते. पुण्यात आणि बंगळुरात किर्लोस्करांचे नवे कारखाने १९४६ पासून उभे होतेच. पण वाडी सोडली नाही. जळालेला कारखाना पुन्हा बांधला आणि पुन्हा त्याच परिसरातील माणसे कामावर आली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी पुणे येथे देह ठेवला. भारत सरकारने त्यांच्या जन्मशताब्दीस, २० जून १९६९ रोजी, त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. पुणे-मिरज लोहमार्गावरील जे स्थानक पूर्वी कुंडल रोड होते, तेथील फलकावर आता किर्लोस्करवाडी असे नाव आहे. सुट्टीत सांगली-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांस ते खिडकीतून दिसते.