डोंगराला टिचकी मारणारा माणूस

उन्हाळा लागला की माझी आजी माठ घ्यायला जाई आणि प्रत्येक माठाला टिचकी मारून पाही. खणखणीत वाजला तर घरी, बद्द वाजला तर परत. तडा डोळ्यांना दिसत नसे, आवाज मात्र चुगली करी. रॉबर्ट मॅलेट यांच्याविषयी वाचताना मला आजी आठवली. या गृहस्थांनी चक्क खडकाला टिचकी मारली होती!

मॅलेट १८१० साली डब्लिनला जन्मले. वडिलांचा लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना त्यांनी भरभराटीला आणला. व्यवसायाने इंजिनिअर, पण ध्यास भूकंपाचा. भूकंप म्हणजे जमिनीतून धावणारी लाट, असे त्यांनी १८४६ साली मांडले. मग ही लाट धावते तरी किती वेगाने?

१८४९ साली डब्लिनजवळच्या किलिनी किनाऱ्यावर त्यांनी वाळूत बंदुकीची दारू पुरून उडवली. दूर एका भांड्यात पारा ठेवला होता. त्यात पडलेले तारांचे प्रतिबिंब हलले की लाट पोचली! वाळूत वेग भरला सेकंदाला सुमारे ८२५ फूट. जवळच्या डॉल्कीच्या भेगाळ ग्रॅनाइटमध्ये १,३०६ आणि त्याहून सलग ग्रॅनाइटमध्ये १,६६५ फूट.

त्यांना याहून कितीतरी मोठे आकडे अपेक्षित होते. तरीही त्यांनी मिळाले तेच आकडे जगापुढे ठेवले आणि भेगा लाटेला अडवतात, असे कारण दिले. सलग ग्रॅनाइटमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर असतो, हे आज आपण जाणतो. पहिली हलकी थरथर पाऱ्यावर दिसतच नव्हती, म्हणून त्यांचे आकडे चुकले. पण क्रम चुकला नाही. वाळू मंद, भेगाळ खडक त्याहून वेगवान, सलग खडक सर्वांत वेगवान.

पुढे १८५७ च्या नेपल्स भूकंपानंतर त्यांनी पडझडीच्या गावांतून फिरून भिंतींच्या तड्यांवरून धक्क्याची दिशा शोधली. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. १८८१ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज बोगदा खणण्यापूर्वी दगडाच्या नमुन्यातून ध्वनिलहरी सोडतात आणि वेगावरून त्याच्या ताकदीचा अंदाज बांधतात. नमुना फुटत नाही. डोंगरातला वेग नमुन्यातल्या वेगाहून फार कमी भरला, तर आत भेगा आहेत असे समजावे. मात्र हा अंदाजच. त्याच जातीचे काही दगड यंत्रात चिरडून ताळा घ्यावाच लागतो, कारण प्रत्येक खडकाची बोली निराळी. हा ताळा टाळला, तर बोगद्यात उतरणाऱ्या माणसांचा जीव टांगणीला लागतो.

आजीचा कानही काही फुटके माठ घरी आणल्यावरच तयार झाला असेल. आपला आकडा मनासारखा आला नाही म्हणून तो न लपवणारे मॅलेट मला म्हणूनच मोठे वाटतात.