चूक मान्य करणारा गणितज्ञ : आंरी प्वँकारे

सूर्याभोवती एकच ग्रह फिरत असेल, तर तो पुढे कोठे असेल हे न्यूटनच्या नियमांवरून नेमके सांगता येते. परंतु एकमेकांना ओढणारे तीन गोल असले, की तोच प्रश्न अत्यंत बिकट होतो. या प्रश्नाशी झुंजताना आंरी प्वँकारे या थोर फ्रेंच गणितज्ञाच्या हातून एक मोठी चूक झाली. तिला ते कसे सामोरे गेले, ते जाणून घेण्यासारखे आहे.

प्वँकारे यांचा जन्म २९ एप्रिल १८५४ रोजी फ्रान्समधील नान्सी या शहरात झाला. त्यांचे वडील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. बालपणी घटसर्पामुळे आंरींची वाचा कित्येक महिने गेली होती. त्यांची दृष्टीही अधू होती. फळ्यावरचे नीट दिसत नसे, म्हणून ते ऐकलेले सारे ध्यानात ठेवत. पुढे ते खाण अभियंता झाले. १८७९ मध्ये एका खाणीत स्फोट झाला, तेव्हा त्यांनी खाणीत उतरून तपास केला आणि एका दिव्याला पडलेल्या छिद्रापर्यंत कारणाचा माग काढला. त्याच वर्षी त्यांनी गणितातील डॉक्टरेट मिळवली. १८८१ पासून ते पॅरिसमध्ये अध्यापन करू लागले.

स्वीडनचे राजे दुसरे ऑस्कर यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त गणिताची स्पर्धा जाहीर झाली होती. तीन गोलांच्या प्रश्नावरील निबंधासाठी जानेवारी १८८९ मध्ये प्वँकारे यांना सुवर्णपदक व २,५०० क्राउनचे पारितोषिक मिळाले. निबंध छापला जात असताना फ्रागमेन या तरुण गणितज्ञाने काही शंका विचारल्या. त्यांची उत्तरे शोधताना प्वँकारे यांना निबंधात अन्यत्र असलेली गंभीर चूक आढळली. त्यांनी ती लपवली नाही. छापलेल्या प्रती परत मागवाव्या लागल्या. नव्या छपाईचा ३,५०० क्राउनहून अधिक खर्च त्यांनी स्वतः सोसला. तो पारितोषिकाहूनही जास्त होता!

१८९० मध्ये सुधारलेला निबंध प्रसिद्ध झाला. आरंभीच्या सूक्ष्म फरकामुळे पुढील मार्ग किती गुंतागुंतीचे होऊ शकतात, हे चूक दुरुस्त करतानाच त्यांना उमगले होते.

याच निबंधात पुनरावर्तनाचा प्रसिद्ध सिद्धान्त आहे. एखाद्या रचनेच्या सर्व शक्य स्थितींचा मिळून एक मर्यादित प्रदेश आहे, असे समजा. गतीमुळे त्यातील कोणत्याही भागाचा आकार बदलला तरी माप बदलत नाही. तो भाग सरकत राहिला आणि कधीच आपल्या जागी परत आला नाही, तर तेवढ्याच मापाचे असंख्य निरनिराळे भाग त्या मर्यादित प्रदेशात मावावे लागतील. हे अशक्य आहे. म्हणून जवळजवळ प्रत्येक स्थिती केव्हातरी आपल्या आरंभस्थानाजवळ परत येते.

१७ जुलै १९१२ रोजी पॅरिसमध्ये प्वँकारे यांचे निधन झाले. त्यांनी दाखवलेल्या वाटेवर इतर गणितज्ञ पुढे चालत राहिले. १९३० च्या दशकारंभी बर्कहॉफ व फॉन नॉयमन यांनी या विचाराला भक्कम शास्त्राचे रूप दिले. १९५९ मध्ये हेन्री डाय यांनी दाखवून दिले, की अशा अनेक गतिव्यवस्थांत स्थितींचा क्रम भिन्न असला, तरी एकीच्या कक्षा दुसरीच्या कक्षांशी जुळवता येतात.

प्वँकारे यांनी चूक झाकली असती, तर पारितोषिकाची रक्कम त्यांच्याजवळ राहिली असती. पण गणिताची एक नवी वाट तेव्हा उघडली नसती.