यंत्रांचा भार आणि खर्चाचा भार

कारखान्याच्या वीजबिलात दोन रकमा मुख्य असतात. एक वापरलेल्या युनिटांची आणि दुसरी त्या महिन्यात नोंदल्या गेलेल्या कमाल मागणीची. या दुसऱ्या रकमेला मागणी आकार म्हणतात. घरगुती बिलातील स्थिर आकार ही तिचीच धाकटी बहीण. वीजदरवाढीची चर्चा निघाली की रोष बहुधा या रकमेवर असतो. जी वीज आम्ही वापरलीच नाही तिचे पैसे का भरायचे, असा प्रश्न उद्योजकही विचारतात आणि गृहिणीही विचारतात. प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु त्याचे उत्तर १८९२ सालीच दिले गेले आहे आणि ते देणारी व्यक्ती अर्थशास्त्रज्ञ नव्हती. अनेक विद्युत जनित्रे एकमेकांना जोडून चालविता येतात, हे गणिताने सिद्ध करणारे जॉन हॉपकिन्सन यांनीच ते दिले. अभियंते त्यांना जनित्रांसाठी ओळखतात. अर्थशास्त्राच्या वर्गात मात्र आम्ही द्विभाग दरपद्धती शिकवतो आणि त्यांचे नाव क्वचितच घेतो.

हॉपकिन्सन यांचा जन्म २७ जुलै १८४९ रोजी मँचेस्टर येथे झाला. वडील यंत्र-अभियंते होते आणि पुढे त्या शहराचे महापौर झाले. तेरा भावंडांत जॉन थोरले. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८७१ मध्ये गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम आले. असा विद्यार्थी त्या काळी सहसा प्राध्यापकी किंवा वकिली पत्करी. हॉपकिन्सन यांनी मात्र १८७२ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्स या काचकारखान्यात दीपगृह विभागाची व्यवस्था हाती घेतली. किनाऱ्यावरचे एक दीपगृह दुसऱ्यापासून ओळखता यावे म्हणून ठरावीक संख्येच्या झोतांचे गट सोडण्याची पद्धत त्यांनी तेथे विकसित केली. १८७८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि त्याच सुमारास लंडनमध्ये सल्लागार अभियंता म्हणून काम करू लागले.

डायनामोचा वर्तनवक्र आलेखावर मांडणे, एडिसनच्या डायनामोत सुधारणा करणे, १८८२ साली तीन तारांच्या वितरणपद्धतीचे पेटंट घेणे, ही कामे त्यांनी पाच-सहा वर्षांच्या आत उरकली. तीन तारांच्या पद्धतीने तांब्याचा खर्च निम्म्याहून अधिक वाचतो. एडिसन यांनाही ती स्वतंत्रपणे सुचली होती. गणिती माणसाचे लक्ष तांब्याच्या किमतीकडे असावे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या अनेक वीजकेंद्रांत प्रत्येक जनित्राचे मंडळ वेगळे असे. एका जनित्रावर काही रस्ते, दुसऱ्यावर काही. सायंकाळी एकाची दमछाक होत असताना शेजारचे जनित्र अर्ध्या भाराने चालत राही, आणि अर्ध्या भाराचे वाफेचे इंजिन कोळसा काही निम्मा खात नाही. दोन्ही जनित्रे एकाच मंडळाला जोडली तर? भीती अशी होती, की दोहोंच्या दाबांची लय जराशी चुकली तरी ती परस्परांविरुद्ध प्रवाह ढकलतील आणि जळून जातील.

हॉपकिन्सन यांनी १८८३ च्या एका व्याख्यानात आणि पुढल्या वर्षीच्या निबंधात दाखविले, की ही भीती एका जोडणीपुरती खरी आहे. जनित्रे एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडली तर त्यांची लय टिकत नाही. समांतर जोडली तर मात्र ती आपोआप टिकते. जे जनित्र किंचित पुढे धावू लागते त्याच्यावर अधिक भार पडतो आणि त्यामुळे ते आवरले जाते. जे मागे पडते त्याचा भार हलका होतो, आणि फारच मागे पडले तर दुसरे जनित्र त्याला मोटारीसारखे ओढून नेते. डोव्हरजवळच्या साउथ फोरलंड दीपगृहाच्या यंत्रांवर हे पडताळूनही पाहण्यात आले. हेन्री वाइल्ड यांना असाच अनुभव १८६८ मध्ये आला होता. पण तो विस्मरणात गेला होता. अनुभवामागचे कारण हॉपकिन्सन यांच्या समीकरणांनी दिले.

अर्थात, एकदा जोडल्यावर जनित्रे परस्परांना सांभाळतात, म्हणून ती कशीही जोडावीत असे नाही. जोडण्यापूर्वी दोहोंचा दाब सारखा हवा, वारंवारता सारखी हवी, त्रिकला यंत्रांत कलांचा क्रम सारखा हवा आणि ज्या क्षणी स्विच दाबायचा त्या क्षणी दोन्ही लहरी एकाच बिंदूवर हव्यात. कारखान्यातला ऑपरेटर याला सिंक्रोनाइज करणे म्हणतो. जुन्या पद्धतीत दोन यंत्रांमध्ये दिवे जोडीत. ते सावकाश उजळत आणि मालवत. पूर्ण मालवले की स्विच लावायचा. आज ते काम सिंक्रोस्कोप किंवा स्वयंचलित उपकरण करते.

त्यानंतर भार कोणी किती उचलायचा, हा प्रश्न येतो, आणि येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. दाब वाढविला की जनित्र अधिक भार घेते, असे पुष्कळांना वाटते. दाब वाढविल्याने मुख्यतः निष्क्रिय शक्तीची वाटणी बदलते. खरा भार ठरतो तो इंजिनात जाणाऱ्या वाफेने, पाण्याने वा डिझेलने, म्हणजे गव्हर्नरने. भार वाढेल तसा वेग थोडा उतरू देणे, हा गव्हर्नरचा गुण येथे कामी येतो. त्याला ड्रूप म्हणतात. समजा, ५०० किलोवॉटची दोन यंत्रे आहेत आणि दोहोंची वारंवारता भार नसताना ५२ व पूर्ण भाराला ५० आहे. ६०० किलोवॉटचा भार आला तर दोघे ३०० किलोवॉट घेतील आणि वारंवारता ५०.८ वर स्थिरावेल. पण दुसऱ्याचा गव्हर्नर अधिक ताठ असेल, पूर्ण भारालाही ५१ च्या खाली उतरत नसेल, तर वाटणी २०० आणि ४०० अशी होईल. जो वाकत नाही त्याच्याच पाठीवर ओझे अधिक पडते. आणि दोघांनीही मुळीच न वाकण्याचा हट्ट धरला, तर स्वतंत्र भारवाटप यंत्रणेवाचून वाटणीच अनिश्चित होते आणि यंत्रे हेलकावे खाऊ लागतात.

आपल्याकडे टाटांची खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही जलविद्युत केंद्रे अनुक्रमे १९१५, १९२२ आणि १९२७ मध्ये सुरू झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागली, ती याच तत्त्वावर. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हा सोलापुरात जुळविण्यात आली तीही तीच लय. फरक एवढाच, की दोन यंत्रांऐवजी देशभरची शेकडो यंत्रे त्यात गुंतली होती.

हॉपकिन्सन १८९० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले, आणि दोन वर्षांनी तरुण अभियंत्यांच्या एका संस्थेपुढे अध्यक्ष या नात्याने वीजपुरवठ्याच्या खर्चावर बोलले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. वीजकंपनीच्या खर्चाचा एक भाग किती युनिटे निघाली यावर अवलंबून असतो. दुसरा भाग, म्हणजे यंत्रे, तारा, इमारत आणि बॉयलर पेटता ठेवून बसलेली माणसे, हा ग्राहकाने दिवा लावला नाही तरी होतच राहतो. एक ग्राहक १०० किलोवॉट १० तास वापरतो, दुसरा १० किलोवॉट १०० तास. दोघांची युनिटे १०००, पण पहिल्यासाठी दसपट यंत्रसामग्री सज्ज ठेवावी लागते. दोघांना सारखेच बिल देणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून पहिल्याची यंत्रे विकत घेणे होय. म्हणून सज्जतेचे मोल वेगळे आणि वापराचे वेगळे. जनित्रांमध्ये भाराची न्याय्य वाटणी शोधणाऱ्या बुद्धीनेच ग्राहकांमध्ये खर्चाची वाटणी शोधली, असे मला वाटते.

या विचारात एक उणीव होती. प्रत्येक ग्राहकाची कमाल मागणी एकाच वेळी येत नाही. पीठगिरणी दुपारी चालते, नाट्यगृह रात्री उजळते, आणि तेच यंत्र दोघांना पुरते. ग्राहकाची स्वतःची कमाल मागणी मोजण्यापेक्षा सर्वांच्या गर्दीच्या घटकेला तो किती घेतो हे मोजणे अधिक न्याय्य ठरते. ब्रायटनच्या वीजकेंद्राचे आर्थर राइट यांनी कमाल मागणी दाखविणारे उपकरण प्रचारात आणले. पण गर्दीची घटका ओळखणारा मीटर त्या काळात व्यवहार्य नव्हता.

२७ ऑगस्ट १८९८ रोजी स्वित्झर्लंडमधील आरोला गावाजवळ पेतीत दांत द व्हेझिव्ही या शिखरावर चढताना हॉपकिन्सन, त्यांचा मुलगा जॉन आणि ॲलिस व लीना या दोन मुली असे चौघेही मृत्युमुखी पडले. ते एकोणपन्नास वर्षांचे होते. थोरला मुलगा बर्ट्रम पुढे केंब्रिजला अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला.

वीजजाळ्याबाहेर पडू पाहणाऱ्यांची संख्या आज वाढते आहे. छपरावर सौरपट्ट्या बसविणारा बंगलेवाला आणि खुल्या बाजारातून वीज घेणारा कारखानदार या दोघांची युनिटे कमी होतात. पण सूर्य मावळल्यावर किंवा बाहेरची वीज खंडित झाल्यावर जाळे हजर असावे, ही त्यांची अपेक्षा कायम राहते. स्थिर खर्चाचा मोठा भाग युनिटांच्या दरातून वसूल करण्याची आपली रीत असल्याने, त्यांनी सोडलेला खर्च उरलेल्यांच्या, म्हणजे छप्पर नसलेल्या भाडेकरूंच्या आणि लहान कारखानदारांच्या युनिटांवर चढतो. म्हणून स्थिर आकार सरसकट रद्द करा, ही मागणी लोकप्रिय असली तरी गरिबांच्या हिताची नाही. मात्र तो सरसकट वाढविणेही चूक ठरेल. एका खोलीत दोन दिवे लावणाऱ्याने वातानुकूलित बंगल्याइतकी सज्जता मागितलेली नसते. आता वेळेनुसार वापर नोंदविणारे मीटर उपलब्ध आहेत. सायंकाळच्या गर्दीत ग्राहकाने किती किलोवॉट घेतले, यावर सज्जतेचा आकार ठरविणे शक्य झाले आहे, आणि दर ठरविणाऱ्या आयोगाने त्याची सुरुवात मोठ्या ग्राहकांपासून करावी.